जात्यापाशी सांगितलेलं गुज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना तुटलेली वाक्यं थोडी जोडून घेतली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.

जुन्या काळच्या बायकांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं. ‘बिचाऱ्या मुकाट्यानं सोसायच्या, मनातलं मनातच ठेवायच्या.’ त्यामागे असं एक गृहीत असतं की मनातलं बोलून दाखवणं ही शिकलेल्यांची सवय आहे. डायरी आली, पत्रं आली, आत्मचरित्रं आली, आता समुपदेशन आलं, आणि मग कुठे माणसं स्वतःबद्दल बोलायला लागली. हे गृहीत मला पटत नाही. सोसायच्या, हे खरं. पण मुकाट्यानं? आज मी एवढंच सांगणार आहे की महाराष्ट्रातल्या बायका निदान आठशे वर्षं मनातलं मोठ्यानं बोलत होत्या, तेही रोज, आणि घरातली सगळी माणसं हाकेच्या अंतरावर झोपलेली असताना. त्यासाठी त्यांना एक जागा होती. ती जागा म्हणजे जातं.

आधी जातं काय असतं ते सांगते, कारण ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ते फक्त हॉटेलच्या अंगणात शोभेला ठेवलेलं पाहिलं असेल. दोन गोल दगड, एकावर एक. खालचा हलत नाही, वरचा फिरतो. वरच्या दगडाला कडेला लाकडी खुंटा आणि मध्ये भोक. एका हातानं खुंटा धरून फिरवायचं, दुसऱ्या हातानं मधल्या भोकात मुठीमुठीनं दाणे सोडायचे, त्याला म्हणायचं वैरण घालणं. पीठ कडेनं बाहेर पडतं. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून पुन्हा खडबडीत करून घ्यायचे. मोठ्या कुटुंबाचं ज्वारी-बाजरीचं दळण म्हणजे पहाटे तीनचारला उठून उजाडेपर्यंतचं काम. एकटीला जड जायचं, म्हणून पुष्कळदा दोघी समोरासमोर बसायच्या. जावाजावा, नणंद-भावजय, मायलेकी, नाहीतर शेजारीण. दोघींचे हात एकाच खुंट्यावर.

आता या कामाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. हात गुंतलेले आहेत, पण डोकं मोकळं आहे. अंधार आहे, त्यामुळे समोरचीचा चेहरा नीट दिसत नाही, आणि आपलाही तिला दिसत नाही. घरघर एवढी आहे की शब्द शेजारणीला कळतील, पण पलीकडच्या खोलीत झोपलेल्याला फक्त सूर ऐकू येईल. शिवाय दळायला बसलेल्या बाईला कुणी ‘काय गात बसलीस’ असं म्हणत नाही, कारण ती कामच करते आहे. दिवसभरात तिच्या वाट्याला आलेली ही एकच वेळ, जेव्हा तिला गप्प करायला कुणी मोकळं नसतं. अशा ठिकाणी बाई बोलती झाली नसती तरच नवल.

ही प्रथा किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ आहे, 1129 सालचा. राजानं काय जाणावं, काय उपभोगावं याचा तो जाडजूड कोशच आहे. हत्ती, रत्नं, स्वयंपाक, शिकार, संगीत, सगळं त्यात आहे. संगीताबद्दल लिहिताना त्यानं ओझरता उल्लेख केलाय की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. कांडणं म्हणजे उखळ-मुसळाचं काम, दळणाचं सख्खं भावंड. म्हणजे ज्ञानेश्वरी 1290 मध्ये सांगितली गेली त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी ओवी हा बायकांचा कामावरचा छंद म्हणून राजदरबारापर्यंत माहीत होता. आपण शाळेत ओवी म्हटलं की आधी ज्ञानेश्वर शिकतो. मराठी भाषेतला सगळ्यात मोठा ग्रंथ ज्या छंदाच्या नावानं ओळखला जातो, ते नाव त्याच्याही आधी कांडणाऱ्या बायकांच्या तोंडी होतं, हे मात्र शिकत नाही.

मग येते जनाबाई. गंगाखेडची पोर, पंढरपुरात दामाशेट्टींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेली. तिच्याबद्दलची सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणती? विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसायचा. पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला आजही तिचं म्हणून जातं दाखवतात. या कथेत चमत्कार आहे हे खरंच, पण मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. दळायला दुसरं माणूस समोर लागतं. आई नाही, बहीण नाही, जाऊ नाही अशा दासीच्या समोर कोण बसणार? लोकांनी त्या रिकाम्या जागी देवाला बसवलं. ऐकणारं कुणीतरी हवं, ही गरज किती खरी होती, ते या कथेवरून कळतं.

आता ओवीत बायका बोलायच्या तरी काय? ओवीचा आकार लहान. जात्यावरच्या ओव्या बहुधा दोनच ओळींच्या. पहिल्या ओळीत एखादी दिसणारी गोष्ट यायची: वाट, आंबा, साडीचा रंग, पाण्याचा घडा. दुसऱ्या ओळीत मनातलं. गाताना ती शब्द पुन्हा घोळवते, मध्ये ‘गं बाई’, ‘सई’ घालते, आणि दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळ लांबवते. बोलायची ती कुणाला तरी उद्देशून, हवेत नाही. सईला सांगायची, भावाला सांगायची, दूर राहिलेल्या आईला सांगायची. कितीतरी ओव्यांत तर थेट जात्यालाच हाक असते. त्याला ईश्वर म्हणायचं, जड होऊ नको म्हणून विनवायचं, आणि मग आईलाही सांगितलं नाही ते त्याला सांगायचं. या सांगण्याला त्यांचा स्वतःचा शब्द होता, गुज. आपण ‘भावना व्यक्त करणं’ म्हणतो ते पुस्तकी आहे. गुज हा घरातला शब्द आहे, आणि त्यात ऐकणारा आधीच गृहीत धरलेला असतो. गुज एकट्यानं होत नाही.

विषय म्हणाल तर सगळे. माहेरची वाट, भावाची चोळी, भावजयीनं तोंड फिरवणं, सासूचा जाच, नवऱ्याचा राग, मूल न होणं, झालेलं जाणं, पंढरीला जायची ओढ. आणि सीता. सीतेच्या वनवासावरच्या ओव्या महाराष्ट्रभर सापडतात, पण त्यातली कथा पोथीतली नाही. बायकांच्या कथेत सीतेला घराबाहेर काढायला परीट कारण होत नाही, सासू होते. कैकेयी तिला रावण कसा दिसायचा ते काढून दाखव म्हणते. सीतेनं त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलेलंच नाही, म्हणून ती फक्त पायाचा अंगठा काढते. उरलेला रावण कैकेयी पुरा करते आणि मुलाला दाखवते. आता ही कथा गाणाऱ्या बाईला ‘माझ्या सासूनं माझ्यावर आळ घेतला’ असं वेगळं म्हणावं लागत नाही. समोर बसलेलीला कळतं. कदाचित आत झोपलेल्या सासूलाही कळतं, पण सीतेबद्दल गाणाऱ्या सुनेला ती बोलणार काय?

इथे एक रास्त शंका येते. ओव्या तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. आईनं म्हटलेली लेक म्हणते, तीच ओवी दहा गावांत सापडते. मग त्यात ‘मनातलं’ कुठे आलं? पाठ केलेलंच आलं की! मला विचाराल तर ही शंका आपल्या काळाची आहे. मनातलं म्हणजे नवीन, फक्त माझं, पूर्वी कुणी न बोललेलं, असं आपल्याला वाटतं. त्या बाईला तसं वाटत नव्हतं. तिला हजारो ओव्या येत असतील, त्यातली आज पहाटे कुठली ओठांवर आली, कुठे तिनं स्वतःच्या भावाचं नाव घातलं, कुठे गावाचं नाव बदललं, कुठे एक ओळ स्वतःची जोडली, यात तिचं मन होतं. आणि दुःखाला आयते शब्द मिळणं ही छोटी सोय नाही. सोळा वर्षांच्या सुनेला आपल्याला काय होतंय हे स्वतःहून सांगता आलं नसतं. ओवीनं तिला शब्दही दिले आणि हे दुःख तुझ्या एकटीचं नाही असंही सांगितलं.

तरीही या परंपरेतून एखादी ‘मी’ म्हणून, स्वतःच्या नावानिशी उभी राहिली का? राहिली. संत बहिणाबाई, जन्म 1628, वेरूळच्या परिसरातल्या देवगावची. तिचे आत्मचरित्रपर अभंग आहेत. लहानपणीच मोठ्या वयाच्या बिजवराशी झालेलं लग्न, भटकत कोल्हापूरला पोचणं, कीर्तनाची गोडी, तुकारामांना गुरू मानल्यावर नवऱ्याचा संताप, त्याची मारहाण, हे सगळं ती स्वतः सांगते. ब्राह्मण घरची बाई, आणि तिनं गुरू केला तो शूद्र म्हटला गेलेला. तिच्या घरात भडका का उडाला ते समजायला वेगळं भाष्य लागत नाही. तिच्यापुढे पेच असा होता की नवऱ्याची सेवा हा धर्म तिला मान्य होता आणि विठ्ठलही सोडवत नव्हता. तो पेच ती लपवत नाही. मराठीत एका स्त्रीनं स्वतःच्या आयुष्याची सलग हकीकत सांगितल्याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला आणि बोलण्याची जागा बदलू लागली. 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ आलं. 1910 मध्ये रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. या शेवटच्या नावातला ‘आमच्या’ हा शब्द बघा. नवऱ्यानं शिकवलं म्हणून घरातल्या बायकांनी जो छळ केला तो रमाबाई सांगतात, पण पुस्तकाच्या मध्यभागी न्यायमूर्ती आहेत. ‘माझ्या आयुष्यातील’ असं म्हणणं तेव्हा भल्या घरच्या बाईला जड जात होतं. मग 1934 पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ येऊ लागली आणि त्यात मात्र बोलणं आलं, थेट ओसरीवरचं. वडिलांचं सोवळ्याचं वेड, टिळकांचा लहरी स्वभाव, त्यांचं ख्रिस्ती होणं आणि तिचं मागे एकटं राहणं, हे ती हसत आणि हसवत सांगते. लक्ष्मीबाईंचं शिक्षण बेताचं, आणि तिची भाषा इतकी जिवंत राहिली याचं एक कारण तेच असावं. ती लिहितच नाही, सांगते.

आणि तरी कागदाचा एक धोका होता, जो जात्याला नव्हता. कागद सापडतो. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, नंतर पुस्तक झालं. महार समाजातल्या बाईचं आयुष्य आतून सांगणारं हे पुस्तक त्यांनी कित्येक वर्षं चोरून लिहिलं होतं. किराणा मालाचं छोटं दुकान सांभाळता सांभाळता लिहायचं आणि नवरा, घरचे यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवायचं. बघा, हातातलं काम तेच, दुकानाचं का होईना. पण जात्यापाशी मोठ्यानं म्हणता येत होतं ते कागदावर लपवावं लागलं. लिहिता येणं म्हणजे बोलण्याची मोकळीक वाढणं, असं आपण सरसकट धरतो. ते दर वेळी खरं नसतं.

मधल्या काळात जात्याचं काय झालं? गिरणी आली. आधी डिझेल इंजिनावरची, मग गावात वीज पोचली तशी विजेची. स्वातंत्र्यानंतरच्या दोनतीन दशकांत गावोगावी जाती कोपऱ्यात गेली. याबद्दल हळहळ करताना जपून बोलायला हवं. जातं ओढून खांदे भरून यायचे, बाळंतिणीला सुटका नसायची, आजारी असलं तरी दळणाशिवाय भाकरी नसायची. गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो योग्यच होता. कुणी त्यांना ‘ओव्यांसाठी दळत राहा’ म्हणणं ही क्रूर थट्टा झाली असती. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कष्ट गेले ते बरं झालं, आणि त्याबरोबर पहाटेचे दोन-तीन तास समोरासमोर बसून बोलायची जागाही गेली. डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभं राहिल्यावर गुज होत नाही.

ते बोलणं कुणी ऐकून ठेवलं का? थोडं ठेवलं गेलं. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड काढले. बहिणाबाई चौधरी यांचं तर नशीबच म्हणायचं. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईनं शेतात, घरात, जात्यावर जे रचलं ते मुलानं, कवी सोपानदेव चौधरींनी आणि घरातल्या आणखी एकानं टिपून ठेवलं. 1951 मध्ये त्या गेल्या. 1952 मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. घरात कवी नसता तर? अशा किती बहिणाबाई ऐकणाऱ्याअभावी गेल्या असतील याचा हिशेब कुठे लागणार?

त्यातलं सगळ्यात मोठं ऐकणं मात्र पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी केलं. पॉइटवँ मूळचे फ्रान्सचे, इथे आले आणि इथलेच झाले. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागात ‘गरीब डोंगरी संघटने’च्या निमित्तानं कष्टकरी बायकांबरोबर काम करताना त्यांना या ओव्यांचं मोल कळलं. मग गावातल्या बायकांच्याच मदतीनं त्यांनी हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 1990 च्या दशकात बर्नार बेल या संगीतशास्त्रज्ञाच्या साथीनं ध्वनिमुद्रणं झाली. पॉइटवँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. हा साठा आता पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर 2017 पासून हप्त्याहप्त्यानं येतो आहे. तिथे ऐकताना पहिल्यांदा लक्षात येतं ते हे की एकटा आवाज क्वचितच असतो. एक सुरू करते, दुसरी उचलते.

या साठ्यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आहेत. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला, हा मोजत जाण्याचा साचा जुनाच आहे. पूर्वी तिथे देवांची नावं येत. या बायकांनी तिथे भीमरावांना आणलं, बुद्धाला आणलं, धम्माला आणलं. भाऊ माहेरहून येतो त्या ओढीनं बाबासाहेब ओवीत येतात. परंपरेनं हातात दिलेले शब्द त्यांनी झिडकारले नाहीत, त्यांच्यात स्वतःचा इतिहास भरला. ओवी म्हणजे फक्त रडगाणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा भाग जरूर ऐकावा.

उलट बाजूही सांगायला हवी. ओवीनं मन हलकं झालं, पण सासूचा जाच थांबला नाही. मुलगा झाल्याचा आनंद आणि मुलगी झाल्याची खंत याही ओव्यांत भरपूर आहे. जी व्यवस्था बाईला दळत ठेवत होती, तिचेच विचार कधी कधी तिच्या गळ्यातून निघत. हे लपवून ओव्यांचा नुसता गौरव करण्यात अर्थ नाही. पण बोलल्यानं परिस्थिती बदलली नाही म्हणून बोलणं वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. त्या बायका उद्या पुन्हा उठून दळायला बसल्या, आणि बसताना त्यांना ठाऊक होतं की समोर कुणीतरी ऐकायला आहे.

म्हणून ‘त्या मुकाट्यानं सोसायच्या’ हे वाक्य मला खटकतं. ते वाक्य ऐकणाऱ्याची सोय बघतं. बाई बोललीच नाही असं एकदा ठरवलं की आपण ऐकलं नाही हा प्रश्नच उरत नाही.

आता काम तुमच्यासाठी. ज्यांनी स्वतः जात्यावर दळलं आहे अशा बायका आज बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, नात्यात, गावाकडे कुणीतरी असेलच. ‘आजी, एखादी ओवी म्हण’ असं एकदम म्हटलंत तर त्या लाजतील, आठवत नाही म्हणतील. त्यापेक्षा पुढच्या लग्नात जातं पुजतात, घाणा भरतात, तेव्हा शेजारी बसा. तिथे खुंट्याला हात लागला की ओळी आपोआप येतात. नाहीतर शेंगा फोडताना, वाल सोलताना समोर बसा आणि तुम्हीही हात चालवा. फोन हळूच बाजूला सुरू करून ठेवा, पण आधी विचारून. कुठलं गाव, कुणाकडून शिकल्या, कोणाबरोबर दळायच्या, एवढं लिहून ठेवा. आणि एखाद्या ओवीनंतर त्या गप्प झाल्या, तर पुढचा प्रश्न लगेच विचारू नका. जरा थांबा.

ऐकलेलं आम्हालाही कळवा. पुढच्या भागात भेटूच.